असाटींच्या माळ्याची सळई

१

असाटींच्या राइस मिलमधला माळा कोसळला तेव्हा त्याच्यावर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, होती आणि खाली मिलमधला मजूर मंगरू होता. कट्ट्यांचा विमा होता, मंगरूचा नव्हता. त्यामुळे कट्ट्यांची चौकशी करायला लगेच माणूस आला, आणि मंगरूच्या मरणाची चौकशी त्याच माणसाच्या गळ्यात पडली. तो माणूस म्हणजे दुर्गेश्वरी बिसेन.

दुर्गेश्वरीबाईंचं नाव गोंदियातले मिलवाले तोंड वाकडं करूनच घेत. नुकसानीची पाहणी करून विमा कंपनीला अहवाल देणं हा बाईंचा धंदा. शिक्षण बांधकामाच्या इंजिनिअरिंगचं. पण बांधणाऱ्यांच्या सहवासाचा त्यांना लवकरच वीट आला आणि त्या पडलेलं बघायच्या कामाला लागल्या. ढिगारा निदान तुमच्याशी गोड बोलत नाही, असं त्या म्हणत. माणसांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं, आणि ते बदलावं असं गोंदियात कोणी काही केलेलंही नव्हतं.

मोडलेल्या बीममधून सळया बाहेर आल्या होत्या. बाईंनी एक बोटांत धरून पाहिली आणि नाक मुरडलं.

"ही सळई? दोन खांबांमधल्या एवढ्या मोठ्या गाळ्याला? याच्यावर वाळत घातलेलं धोतर टिकलं असतं, धान नाही."

"केस सुटलेली आहे मॅडम," ठाणेदार मागून म्हणाले. हे गृहस्थ प्रत्येक केस जेवणाच्या आत सोडवत आणि जेवणानंतर ती पुन्हा गुंतत असे. "इंजिनिअर रहांगडाले सरांच्या हिशेबात सोळा मिलिमीटरची सळई आहे. त्यांच्या ऑफिसातल्या ड्रॉइंगवाल्या पोरीनं नकाशात दहा टाकली. ठेकेदारानं नकाशा बघून दहा बांधली. पोरगी म्हणते, मी सोळाच लिहिलं होतं. सगळे असंच म्हणतात. आज संध्याकाळी उचलतो तिला."

"नकाशाची मूळ फाइल पाहिली?"

"ती गायब आहे. हार्ड डिस्क जळाली म्हणे. तिनं त्या फाइलवरून जी पीडीएफ काढली, तेवढी पेन ड्राइव्हमध्ये सापडली. हे बघा." ठाणेदारांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर बीम होता, बाण होता, आणि बाणाच्या टोकाशी १० हा आकडा स्वच्छ दिसत होता.

"हा पेन ड्राइव्ह कोणाकोणाच्या हातून गेला?"

"पोरीनं सरांना दिला, सरांनी मिलवर आणून शेठना दिला, शेठनी ठेकेदाराला दिला, त्यानं छापून आणला."

"म्हणजे चार हात. आणि तुम्ही त्यातला सगळ्यात बारका पकडला."

ठाणेदारांना हे टोचलं नाही. त्यांना काही टोचत नसे. बाईंनी ती फाइल स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतली आणि त्या निघाल्या.

फाटकाशी मंगरूची बायको बसली होती, रुख्मा. याच मिलमध्ये सांडलेलं धान झाडून गोळा करायचं काम करायची. तिनं बाईंचा पदर धरला नाही की रडली नाही. सरळ विचारलं, "बाई, माह्या माणसाले त्या पोरीनं मारलं म्हणून राहिलेत. खरं हाय का?"

"मला माहीत नाही."

"मंग माहीत करा ना. तुमी त त्याच्याचसाठी आल्या."

खरं तर बाई धानासाठी आल्या होत्या. पण हे तोंडावर सांगायची त्यांनाही लाज वाटली.

२

देवानंद रहांगडाले सरांच्या ऑफिसात शिरलं की आधी सरांचे सत्कार दिसत. शाल घेताना सर, नारळ घेताना सर, कोणाच्या तरी पुतळ्याशेजारी पुतळ्यापेक्षा ताठ उभे सर. भिंतीवर जागा संपली होती, म्हणून उरलेले सर कपाटावर होते.

कोपऱ्यात धूळ खात एक कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर एकामागून एक फोटो सरकत होते. शालूतली नवरी, स्टेजवरची नवरी, आणि नवरीशेजारी फेटा बांधून कॅमेऱ्याकडे बघणारे सर.

"आमची टीना," सर म्हणाले. "लग्नाला दोन वर्षं झाली. अख्खा जिल्हा लोटला होता बघा."

"छान. मूळ नकाशाची फाइल कुठे आहे?"

सरांनी चेहरा लांब केला. "काय सांगू? लाइट सारखी जाते इथली. या मशीनची डिस्क जळाली आणि सगळं गेलं. एकूण एक फाइल गेली. आयुष्यभराचं काम हो!"

बाईंनी टीनाकडे पाहिलं. टीना आता नवऱ्याला घास भरवत होती.

"तुम्ही ती पीडीएफ तपासली नाही?"

"मी या मशीनला हातही लावत नाही बिसेनबाई. माझं काम डोक्याचं. हिशेब मी करतो, कागदावर, पेननं. ते रेघा मारणं पोरांचं काम. तिनं पेन ड्राइव्ह दिला, मी खिशात टाकला आणि असाटींना नेऊन दिला. आत काय आहे ते मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. विश्वास टाकला. चुकलंच माझं."

"चुकलं हे खरं. नकाशा न बघता बांधायला देणारा इंजिनिअर मी पहिल्यांदा पाहिला."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी सगळा राग गैरहजर पोरीवर काढला. "तुम्हाला त्या रुचिकाची कल्पना नाही! कामात टापटीप म्हणून नाही. उशिरा येणार, लवकर जाणार. फायलींना धड नावं देत नाही. चहाचा कप की-बोर्डवर. अक्षरांवर बाण नेला की त्या पिवळ्या चौकटी टुणकन वर येतात, तेवढ्याही काढायची अक्कल नाही. आणि उलट बोलते! बीमचं लोखंड जरा कमी करता येईल का म्हटलं, तर मलाच म्हणते, सर, हिशेब पुन्हा करून द्या. मला! माझ्या केसांचा रंग बघा आणि तिचं वय बघा."

बाईंनी त्यांच्या केसांचा रंग पाहिला. तो ताजा लावलेला होता.

"मग कमी केलं का लोखंड?"

"छे! माझ्या हिशेबात सोळाच आहे, बघा ना कागद." सरांनी कागद इतक्या चटकन काढून दाखवला, की तो बाई येण्याआधीच काढून ठेवलेला असावा. त्यावर सही होती, तारीख होती, आणि सोळाला खालून दोन रेघा मारलेल्या होत्या.

चहा आला. बाईंनी तो तसाच ठेवला आणि बाहेर पडल्या.

३

ठेकेदार दुलीचंद पटले बिरसीजवळ एका धानाच्या बांधीत कुंपणाची भिंत घालत होता. डोक्यावर शिकाऊ वैमानिकांची विमानं घरघर करत चकरा मारत होती, आणि दर वेळी दुलीचंदचे मजूर हातातलं काम टाकून वर बघत होते. दुलीचंदही बघत होता.

"खाली बघा," बाई म्हणाल्या. "वर बघता बघता अशीच सळई बांधली का?"

"अवो बाई, मले कायले बोलून राहिल्या? मले पेन ड्राइव्ह देला, मी छापाच्या दुकानात नेऊन देला. तेनं कागद देला. कागदावर दहा होतं, मी दहा बांधलं. सोरा लिवलं असतं त सोरा बांधलं असतं."

"पेन ड्राइव्ह किती वेळ होता तुमच्याजवळ?"

"मिल ते दुकान. मह्या घरी कम्पुटर नाई, पोराले येत नाई, बायकोले येत नाई. मले त मोबाइलवर फोटो मोठा कराले नाई जमत."

हे मात्र खरं असावं, कारण खोटं बोलण्याइतकी कल्पनाशक्ती त्या चेहऱ्यावर दिसत नव्हती.

"इतकी वर्षं बीम बांधता. एवढ्या गाळ्याला एवढी बारीक सळई पाहून हात थांबला नाही?"

"थांबला ना बाई."

"मग?"

"मंग कागद पाह्यला. कागदावर दहाच होतं. मंग हात चालू केला."

बाईंना त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. शंका येऊनही तोंड शिवून बसलेला माणूस त्यांना खोटारड्यापेक्षाही नकोसा वाटे.

तिथून त्या पुन्हा मिलवर, भैय्यालाल असाटींच्या गादीवर. शेठ पान लावत होते. माळा पडला, माणूस मेला, तरी सुपारी पुरेशी बारीक कातरली गेली नाही याचंच दुःख त्यांच्या चेहऱ्यावर जास्त होतं.

"मैडम, हम चावल के आदमी. नक्शा-वक्शा हमको क्या समझता है? पहले उस लड़की ने मोबाइल पे भेजा, तो अक्षर की जगह सब चौकोन-चौकोन. मैंने बहोत सुनाया उसको. फिर दूसरा बनाया बोले. पेन ड्राइव्ह आया, मैंने दुलीचंद को दे दिया."

"लगेच दिला?"

"एक दिन पड़ा रहा इधर, दराज में."

"आणि लोखंड कमी करा असं कोणी म्हणालं होतं?"

"मैं बोला था," शेठ बिनधास्त म्हणाले. "इतने लोहे में तो पूल बन जाए. धान आने के पहले माला खड़ा होना मंगता था. रहांगडाले को बोला, कम करो. वो बोले, देखता हूँ. बस."

हे बोलणं चालू असताना शेजारच्या टेबलावरचा मुनीम मिलच्या कॉम्प्युटरवर काहीतरी करत होता. बाईंचं लक्ष गेलं. त्यानं एका ट्रान्सपोर्टच्या पावतीची पीडीएफ उघडली होती. त्यातल्या तारखेवर त्यानं एक पांढरा तुकडा ठेवला, त्याच्यावर दुसरी तारीख टाइप केली, आणि प्रिंट काढली. नाक शिंकरावं इतक्या सहजपणे.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"वो? वो तो रोज का है," शेठ म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

बाई मुनीमाकडे बघतच राहिल्या. पेन ड्राइव्ह एक दिवस याच खोलीत, याच मशीनपासून हाताच्या अंतरावर पडून होता.

४

रुचिका टेंभरेचं घर कुडव्याला. मिलच्या पुढे, त्याच रस्त्यावर. दारात स्कूटी होती आणि आत आई रडत होती. रुचिका रडत नव्हती, ती चिडलेली होती. आल्या पाहुणीला पाणी द्यायचंही तिला सुचलं नाही.

"तुमी पण मलाच विचारायला आल्या ना? विचारा. मी सोळाच लिहिलं होतं."

"असं सगळेच म्हणतात. मला फाइलबद्दल सांग. शेठच्या मोबाइलवर चौकोन का आले?"

रुचिकानं सुस्कारा सोडला. अडाण्याला समजवायचं काम पुन्हा आलं, असा. "आमचे सगळे नकाशे मराठी फॉन्टमधे असतात. पीडीएफ काढताना फॉन्ट सोबत गेला नाही, आणि शेठच्या मोबाइलमधे तो नव्हता. मग अक्षराच्या जागी चौकोन येतात. शेठ फोनवर नाही नाही ते बोलले. म्हणून मी दुसऱ्या वेळेस रेघी अक्षरं घेतली."

"म्हणजे?"

"सॉफ्टवेअरची स्वतःची असतात. ती अक्षरं नसतातच, बारीक रेघा असतात. रेघेला फॉन्ट लागत नाही. कुठंही उघडा, जशीच्या तशी दिसतात. फक्त त्यांना माऊसनं निवडता येत नाही, शोधता येत नाही. चित्रच ते."

"मग सगळं छान झालं."

"छान कुठं? ती घेतली की सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षरावर एक चौकट चिकटवून देते. तुम्ही काय लिहिलं होतं ते त्या चौकटीत. मोबाइलवर दिसत नाही, कागदावर उमटत नाही, पण कॉम्प्युटरवर बाण नेला की पिवळी चौकट उघडते. लोक वैतागतात. बंद करता येते, पण मग फाइल परत काढा. मी नाही काढली."

"का?"

"सालेकशाला मामेबहिणीचं लग्न होतं. गाडी चुकली असती."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आळशी, उर्मट, आणि त्याची जराही खंत नाही. "या चौकटी आधीच्या कुठल्या नकाशात होत्या?"

"नाही ना. रेघी अक्षरं मी पहिल्यांदाच घेतली. फक्त ह्याच फाइलमधे."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाले सांगू? सरांना सांगितलं असतं तर थांबवून परत करायला लावलं असतं. पेन ड्राइव्ह हातात दिला आणि पळाली. लग्नाहून आली तर मूळ फाइल मशीनमधे नव्हती. सर म्हणे डिस्क जळाली. मी म्हटलं, जळली तर जळली."

"आणि मिलचं काम चालू झालं तेव्हा?"

"रोज दिसायचं जाता-येता. माळा होऊन राहिला होता." ती खांदे उडवून म्हणाली. "ते काम दुलीचंदभाऊचं."

बाई उठल्या आणि चपला घालायला लागल्या.

"झालं?" रुचिका म्हणाली. "संध्याकाळी पोलीस येणार आहेत मला न्यायला. तुमी काहीच नाही बोलल्या."

"मिलवर ये. आणि आईला सांग, रडणं जरा राखून ठेव म्हणावं."

५

गाडी रस्त्याच्या कडेला, पळसाखाली लावून बाईंनी लॅपटॉप उघडला. मोबाइलवरची तीच फाइल त्यात घेतली. आजवर ठाणेदारांनी ती मोबाइलवर पाहिली होती, दुलीचंदनं कागदावर पाहिली होती, आणि न्यायनिवाडा करून सगळे मोकळे झाले होते. ती जिथे उघडायला हवी होती तिथे, कॉम्प्युटरवर, चौकशीत कोणी उघडलीच नव्हती.

बाईंनी आधी माऊस धरून अख्ख्या नकाशावरून ओढला. खांबांची मापं निवडली गेली नाहीत. खोल्यांची नावं निवडली गेली नाहीत. पोरगी खरं बोलत होती, सगळ्या रेघाच होत्या. फक्त एका जागी, बीमच्या बाणाच्या टोकाशी, एकच आकडा निळा झाला. दहा.

तेवढं एकच खरं अक्षर होतं. बाकी सगळ्या रेघांमध्ये ते कोणीतरी नंतर आणून बसवलं होतं. दहाच्या मागे मोठं करून पाहिलं तर पांढरा तुकडाही दिसला, बीमची रेघ जराशी खाणारा. मुनीमानं तारखेवर ठेवला होता तसाच.

मग बाईंनी बाण त्या दहावर नेला आणि थांबवला. पिवळी चौकट उघडली. बाईंनी ती वाचली, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग त्यांनी ठाणेदारांना फोन लावला.

"जेवण झालं असेल तर मिलवर या. चौघांनाही बोलवा. आणि त्या रुख्माला आत बसवा, फाटकावर नको."

६

असाटींच्या गादीवर सगळे जमले. शेठ तक्क्याला टेकले होते. दुलीचंद सिमेंटच्या हातांनी दाराशी उभा होता. रहांगडाले सरांनी शाल घालून यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. रुचिका भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि रुख्मा जमिनीवर, मिलच्याच भुशात.

बाईंनी लॅपटॉप ठेवला आणि ते एकच अक्षर निळं करून सगळ्यांना दाखवलं. "हा दहा रुचिकाचा नाही. रुचिकाच्या हातात मूळ नकाशा होता. तिला दहा करायचं असतं तर तिनं तिथेच केलं असतं. दोन टिचक्यांचं काम. वर पांढरा तुकडा ठेवून त्याच्यावर आकडा चिकटवायचं भिकारी काम तोच करतो, ज्याला नकाशाचं सॉफ्टवेअर उघडता येत नाही."

"म्हणजे मुनीम!" ठाणेदार उसळले. "शेठ, तुमचा मुनीम हेच करतो!"

मुनीम खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा, दोघंही," बाई म्हणाल्या. "मुनीम चोर आहे, पण रोजचा चोर आहे. त्याचं वेगळं बघू. मुनीमाला रहांगडाले सरांच्या ऑफिसातली मूळ फाइल कशी पुसता येईल? ज्यानं इथे दहा चिकटवलं, त्यानंच तिथली फाइल गायब केली. नाही तर कोणीही मूळ नकाशा उघडून सोळा दाखवला असता."

"गायब कोणी केली?" सर म्हणाले. "मी सांगितलं ना, डिस्क जळाली. त्यात एकूण एक फाइल..."

"हो. टीनाचं लग्न सोडून."

सर खुर्चीत पुढे सरकले.

"जळालेल्या डिस्कमधून तुमची लेक दोन वर्षांपूर्वीच्या लग्नात नवऱ्याला घास भरवते आहे. बाकी सगळं जळालं, फेटा मात्र वाचला."

"ते... ते फोटो मी नंतर टाकले."

"तुम्ही? तुम्ही तर मशीनला हात लावत नाही."

दुलीचंद फिसकन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सरांनी रुमाल काढला. "बिसेनबाई, फोटोंवरून तुम्ही एका प्रतिष्ठित माणसावर आरोप करता आहात. मी ती फाइल उघडलीच नाही. शपथेवर सांगतो."

"मग पिवळ्या चौकटी कुठे पाहिल्या?"

"कुठल्या चौकटी?"

"सकाळी तुम्हीच सांगितलंत. अक्षरांवर बाण नेला की टुणकन वर येतात. त्या मोबाइलवर येत नाहीत, कागदावर येत नाहीत, फक्त कॉम्प्युटरवर येतात. आणि रुचिकानं आजवर काढलेल्या नकाशांत त्या फक्त एका फाइलमध्ये आल्या, ह्याच. ही फाइल तिनं तुमच्या हातात दिली आणि ती सालेकशाला पळाली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काम करावं लागलं असतं. तुम्ही फाइल उघडली नसेल, तर त्या चौकटी तुमच्या स्वप्नात आल्या होत्या का?"

शेठनी चावतं पान गालात सरकवलं.

"शेठ म्हणाले लोहा कमी करा. तुम्हाला नाही म्हणवेना. पोरगी म्हणाली हिशेब पुन्हा करा. तुम्हाला करवेना, कारण हिशेब केला तर सोळाच येतं हे तुम्हालाही ठाऊक होतं. मग हिशेबाच्या कागदावर सोळा ठेवलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि नकाशात गुपचूप दहा केलं. उभं राहिलं तर शेठ खूश. पडलं तर पोरीची चूक. इतकी वर्षं लोकांनी तुम्हाला शाली दिल्या, त्या तोंड झाकायला दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"पण पुरावा?" सर ओरडले. "तिनं सोळा लिहिलं होतं याला पुरावा काय? मूळ फाइल तर नाहीच!"

"ठाणेदारसाहेब, हा प्रश्न लिहून घ्या. आणि आता हे बघा."

बाईंनी बाण दहावर नेला. पिवळी चौकट उघडली. वर सॉफ्टवेअरचं नाव होतं, आणि खाली, ठळक, १६.

"सरांनी आकडा झाकला, पण चौकट तशीच राहिली. तिच्यात रुचिकानं जे लिहिलं तेच आहे. सर, ती तुमच्या नाकासमोर उघडत होती. तुम्ही वैतागलात, पण वाचलीत नाही. का?"

रहांगडाले सर खुर्चीत खचले. तिथूनच पुटपुटले, "वर कंपनीचं नाव होतं. मला वाटलं जाहिरात आहे."

बाईंनी आयुष्यात बरेच मूर्ख पाहिले होते. माणूस मारून वर जाहिरातीला वैतागणारा मात्र पहिलाच.

"इन्होंने ही बोला था!" सर एकदम शेठकडे बोट दाखवून ओरडले.

"मैं बोला था लोहा कम करो," शेठ शांतपणे म्हणाले. "छुपा के करो, ऐसा बोला था क्या?" आणि त्यांनी पानाची पिंक टाकायला पिकदाणी जवळ ओढली. ठाणेदार कधी सरांकडे, कधी शेठकडे बघत राहिले. बारका हात आता कोणता, हे त्यांना ठरवता येईना.

७

सरांना जीपमध्ये बसवेपर्यंत ऊन उतरलं. रुचिका लॅपटॉपजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर आता रंग परतला होता, आणि रंगाबरोबर तोराही.

"पाह्यलं ना? मी म्हटलंच होतं."

"फार माजू नको," बाई म्हणाल्या. "तुझ्या हुशारीनं तू नाही वाचलीस, आळसानं वाचलीस. चौकटी बंद करायचं काम नीट केलं असतंस तर आत्ता त्या जीपमध्ये तू असतीस."

रुख्मा भुसा झटकत उठली आणि पडद्याजवळ येऊन वाकली. "बाई, थो आकडा मले दाखवा."

बाईंनी बाण नेला. चौकट उघडली.

"हे सोरा होय?"

"सोळा."

"आन हे कोणं लिवलं?"

"हिनं."

रुख्मानं मान हलवली. मग ती वळली आणि रुचिकाकडे बघत राहिली. आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं असावं, तसं तिनं विचारलं, "मंग तुले त मालूम होतं ना पोरी, सोरा पाह्यजे म्हून. रोज स्कूटीवर याच फाटकावरून जात होतीस. मी झाडू मारतानी पाहत होती तुले. लोखंडाच्या सऱ्या उघड्या होत्या, सिमेंटची ढलाई व्हाची होती. एक डाव उतरून काऊन नाई पाह्यलं?"

रुचिकानं तोंड उघडलं. "ते काम दुलीचंदभाऊचं..." एवढं म्हणाली आणि तिथेच थांबली. मग तिनं दुर्गेश्वरीबाईंकडे पाहिलं. सकाळपासून उत्तरं यांच्याचकडे होती, आत्ताही त्या काहीतरी बोलतील आणि सोडवतील, अशा आशेनं.

बाईंनी लॅपटॉप मिटला. "मी आकडा शोधून दिला," त्या म्हणाल्या. "हे तिला तू सांग."

आणि त्या गाडीकडे गेल्या. मागे रुख्मा उत्तराची वाट बघत उभी होती.